पट्टीखालची गाठ

कारभारी, आज तुम्हाला कुठं जायची घाई नाही. मलाही नाही. दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवते. त्या दिवशी तुम्ही आमच्या दुकानाच्या दारात येऊन उभे राहिलात, पण त्याआधी आत काय घडलं होतं ते तुम्ही नऊ वर्षांत एकदाही ऐकून घेतलं नाहीत. मी तोंड उघडलं की तुम्ही गुरगुरायचात. आज शेवटपर्यंत ऐका.

दिवस साधाच होता. दुपारपासून इतकं धुकं उतरलं होतं की समोरच्या कोल्होबा शिंप्याची पाटीसुद्धा दिसत नव्हती. बाबा मांस तोडायचा ठोकळा मिठानं घासत होते, मी सुऱ्यांना धार लावत होते. आम्ही तरसं, चार पिढ्यांचे खाटीक. खालच्या आळीत आमचं हसू ऐकलं की लोक दारं लावून घेत. बाबांना तर घाबरले की हसू यायचं, त्यामुळे ते घाबरट आहेत हे गावात कुणाला कधी कळलंच नाही.

गावाचा करार तुम्हाला काय सांगायचा, तुमच्याच आजोबांनी केलेला. तरी सांगते, कारण शब्द देऊन विसरायची तुमच्या घराण्याला सवय आहे. कुणी कुणाला मारायचं नाही. खालच्या आळीतलं गवत खाणारं कुणी आपल्या मरणानं मेलं की त्याला दुकानात आणायचं. वरच्या आळीनं, म्हणजे तुम्ही लांडगे, कोल्हे आणि आम्ही, त्यावर पोट भरायचं आणि त्या बदल्यात रानातल्या परक्यांपासून गाव राखायचं. वरच्या आळीतलं कुणी मेलं तर मात्र त्याला टेकडीवर पुरायचं. हे कुणी ठरवलं ते विचारू नका, तुम्हाला ठाऊक आहे.

आणि एक नियम आमचा, खाटकांचा. सुरा लावण्याआधी मेलेल्याला तीनदा विचारायचं, 'हरकत आहे का?' दुकानातल्या गार खोलीच्या छतातून पाणी ठिबकतं. एकदा विचारलं की तीन थेंब पडेपर्यंत थांबायचं. उत्तर आलं नाही की पुढचा प्रश्न. चार पिढ्यांत एकदाही उत्तर आलं नव्हतं.

त्या दुपारी तुमच्या माणसांनी गेलेल्या सुईणमावशीला आणून गार खोलीतल्या फळीवर ठेवलं. म्हातारी मेंढी. दोन्ही आळ्यांतली पोरं तिच्याच हातावर जन्मली. तुम्ही, तुमचे मुलगे, मी, सगळे. नाळ ती स्वतःच्या लोकरीच्या धाग्यानं बांधायची. दोन वेढे, आणि टोक उलटं आत खोचलेलं. ती गाठ तिनं कुणालाही शिकवली नाही. लहानपणी मी तिच्या मागे लागायचे, तर म्हणायची, "तू कापणाऱ्याची लेक, तुला बांधायचं शिकून काय करायचंय?"

नेहमीसारखी तिच्याही जबड्याला पट्टी करकचून बांधलेली होती. तोंड उघडं राहिलं तर वाईट दिसतं, असं तुमची माणसं म्हणायची. आम्ही ती पट्टी काम उरकल्यावरच सोडायचो. रीतच तशी होती. पण त्या दिवशी मला रडू आलं. मावशीचा चेहरा एकदा नीट बघावा, एवढ्याच ओढीनं मी ती पट्टी कापली.

बाबांनी विचारलं, "हरकत आहे का?"

एक थेंब पडला. दुसरा पडला. ओल्या लोकरीचा वास अचानक खोलीभर झाला...

"आहे."

तिचे ओठ हलले नाहीत, नुसता जबडा थोडा खाली आला. आवाज तिचाच होता, थकलेला, रात्रभर बाळंतिणीपाशी जागून आल्यासारखा. बाबा हसायला लागले. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले.

"तू काही ऐकलं नाहीस," ते म्हणाले.

"ऐकलं. तुम्हीही ऐकलंत, बाबा."

"माझ्या बापानं असंच केलं. त्याच्या बापानंही."

"पट्टी बांधूनच विचारलं? सगळ्यांना?"

ते पुन्हा हसू लागले. मी मांस टांगायच्या आकड्यांकडे बघितलं. वीस आकडे, सगळे रिकामे, घासून लखलखीत केलेले. लहानपणापासून त्या सफाईचा मला अभिमान होता. त्या क्षणी मला माझ्या हातांची किळस आली.

तेवढ्यात तुम्ही आलात. तुमच्या नातीचं लग्न होतं, दुसऱ्या दिवशी जेवणावळ होती. धुक्यात आधी तुमचे डोळे दिसले.

"झालं का?" तुम्ही विचारलंत.

"होणार नाही. मावशीची हरकत आहे."

"मेलेलं बोलत नाही, पोरी."

"मग पट्टी कशाला बांधता?"

आठवतंय? त्यावर तुम्ही नुसते दात दाखवलेत. दुकानाला टाळं ठोकीन म्हणालात, बापलेकीला गावाबाहेर काढीन म्हणालात. मी घाबरले होते, खोटं का बोलू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी म्हटलं, "टाळं कशाला, मीच बंद करते. वरच्या आळीतलं कुणीतरी या फळीवर येऊन निजेल आणि मी त्यालाही तीनदा विचारीन, त्या दिवशी दुकान उघडेल. तोवर ठोकळा कोरडा राहील."

तेव्हा माझ्या मागे आकडे वाजले. वारा नव्हता. वीसच्या वीस आकडे हळूहळू एकमेकांवर वाजत होते, आणि तुमचे कान मागे पडले. तुम्ही वळलात आणि पळालात. पळालात, कारभारी. गावाला तुम्ही काहीही सांगितलं असेल, मी बघितलंय.

मावशीला मी आणि बाबांनी पुरलं, तिच्याच अंगणात. नऊ वर्षं वरच्या आळीनं नदीचे मासे खाल्ले. मासे बोलत नाहीत म्हणून असेल. आमच्या दारावर दगड पडले, बाबांशी कुणी बोलेना. बाबा गेले तेव्हा मी त्यांनाही याच फळीवर विचारलं. ते हसले. त्याचा अर्थ मला लागला नाही, म्हणून मी त्यांना पुरलं.

आज सकाळी तुमचे मुलगे आले. माशांना कंटाळलेत बिचारे, त्यांना दुकान उघडायला हवंय. तुमचे पाय एकानं धरले होते, डोकं दुसऱ्यानं. तुम्हाला या फळीवर ठेवलं आणि मागं न बघता गेले. तेव्हापासून तुम्ही इथं आहात, आणि मी तुमच्याशी बोलतेय. जन्मात पहिल्यांदा तुम्ही मध्ये बोलला नाहीत.

तुमच्या मुलांनी तुमच्या जबड्यालाही पट्टी बांधलीय. सवय म्हणून असेल, नाहीतर तुम्ही काय म्हणाल याची धास्ती. मनातलं सांगू? नऊ वर्षं मी या सुऱ्याला तुमच्यासाठी धार लावलीय. पण पट्टी मी काढणार. तुम्ही हरकत घेतलीत तर तुम्हाला टेकडीवर पोचवणार. नियम तुमच्यासाठी बदलला तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

ही काढली पट्टी.

हे काय आहे?

पट्टीखाली धागा आहे. लोकरीचा, पांढरा, ओला. दोन वेढे... आणि टोक उलटं आत खोचलेलं.

तुमच्या मुलांना ही गाठ येत नाही. कुणालाच येत नाही. माझ्या बोटांना ती सुटत नाहीये, आणि सुरा धाग्यावरून नुसता घसरतोय. असू दे. मी विचारणारच.

कारभारी, हरकत आहे का?

एक थेंब.

दोन...

"आहे."

तुमचं तोंड बंद आहे. आवाज माझ्या मागून आला, आकड्यांच्या बाजूनं. थकलेला आवाज.

नाही, मावशी. तू माझी नाळ बांधलीस, तुझे उपकार आहेत; यांचीही बांधलीस, म्हणून तुला यांच्यावर सुरा नको असेल. पण प्रश्न मी यांना विचारलाय, तुला नाही. त्यांचं तोंड सोड.

धागा आणखी घट्ट झाला. माझ्या डोळ्यांदेखत.

ठीक आहे. दिव्यात तेल भरपूर आहे. मी इथंच बसलेय, मावशी. अजून दोनदा विचारायचंय.