डाव्या डोळ्याची आखणी

खरं की खोटं ते तुम्ही ठरवा, असं मी म्हणणार नाही. हे घडलंय. मी तिथे होतो, आणि टेबलावर तेव्हा काय काय पडलं होतं ते आजही एकेक करून सांगू शकतो.

आणि रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

मंगळवार होता, ११ मार्च २०२५. दुपारचे पावणेचार. गाव जोहे, तालुका पेण. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी नितेश. रोह्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं तेच करतोय आणि खरं सांगतो, कंटाळलोय. लोक दहा वर्षांचं डबडं उचलून आणतात आणि म्हणतात, जरा फास्ट करून द्या. माझी मान दुखते, जवळचं दिसत नाही, आणि स्क्रू दरवर्षी बारीक होत चाललेत.

त्या दिवशीचं डबडं घरचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, रंभाताईचं.

ताईचे यजमान हैबतराव जोह्यातल्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. म्हणजे डोळे रंगवायचं शेवटचं काम. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे भावोजींच्या हातचे. तीस वर्षं.

त्यांचा एक नियम होता. पहिला डोळा सुरू केला की दुसरा पुरा होईपर्यंत उठायचं नाही. आणि तोवर त्यांना कुणी हाक मारायची नाही. घरात कुणी पडलं-झडलं तरी नाही. ते श्वास रोखून रेघ ओढायचे. रेघ संपली की मोठा श्वास सोडायचे... हूऽऽ. तो शेजारच्या खोलीत ऐकू यायचा.

पुढे मूर्तीचे नवे नमुने कॉम्प्युटरवर व्हायला लागले. माझी भाची मनाली ते काम शिकली. ती फाइल तयार करून कारखान्याला द्यायची, तिथे त्यावरून साचा बनायचा. अंग, सोंड, दागिने सगळं मनालीचं. डोळे मात्र भावोजीच काढायचे. पेनने पाटीवर रेघ ओढली की ती स्क्रीनवर उमटते, असलं एक यंत्र तिने आणलं होतं. आठवड्याभरात भावोजींचा हात त्यावर बसला.

कॉम्प्युटरवर एक डोळा काढला की दुसरा आपोआप तसाच उमटवता येतो. भावोजींनी ते बंद करायला लावलं.

"दोनी डोळे सारखे झाले का देव बघत नाय गो. नुसता टकामका करतो."

जानेवारीत ते गेले. कॉम्प्युटरसमोरच, खुर्चीत.

उजवा डोळा झाला होता... डावा राहिला होता.

त्यानंतर मनाली ती फाइल उघडायला गेली की कॉम्प्युटर अडकायचा. फाइल जड आणि मशीन म्हातारं. कारखानदाराने दोन महिने कळ काढली. मग निरोप पाठवला, गुरुवारपर्यंत फाइल आली नाही तर नमुन्यांचं काम दुसऱ्याला देतो. म्हणजे मनालीला कुठल्यातरी कंपनीत पॅकिंगच्या शिफ्टला जावं लागलं असतं.

"मामा, तू काय पण कर," ती फोनवर म्हणाली. "बाबांचा शेवटचा गणपती हाय. एका डोळ्याचा नाय ठेवायचा मला."

सकाळच्या गाडीने पेणला उतरलो, प्रोसेसरला लावायच्या पेस्टची ट्यूब घेतली आणि मिनीडोअर रिक्षाने जोह्याला पोचलो. तिथे लाईट नव्हती. कसलंसं काम चाललं होतं, चारपर्यंत येईल म्हणाले.

मशीन छोट्या कॅबिनेटचं होतं, ऑफिसात टेबलावर आडवं ठेवतात तसलं. त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड मावत नाही आणि त्याचा पॉवर सप्लायही मरतुकडा. म्हणून मी अर्ध्या उंचीचं, वेगळी वायर न लागणारं कार्ड शोधून आणलं होतं. प्रोसेसर त्याच पिढीतला पण जास्त ताकदीचा, एका मोडीत निघालेल्या मशीनमधून काढलेला.

आता जोह्यात मूर्तींच्या प्लास्टरची पांढरी पूड कुठे बसत नाही? भांड्यांवर बसते, पापण्यांवर बसते. असल्या गावातलं मशीन आतून पिठाची गिरणी असतं. मी तोंडाला रुमाल बांधूनच कव्हर उघडलं.

आत धूळ नव्हती...

कण नाही. पंख्याचं एकेक पातं स्वच्छ. बारीक ब्रशने कुणी निवांत बसून पुसावं तसं.

"मनाली, तू उघडलं होतंस?"

"नाय रे मामा. मला त्ये स्क्रू तरी सुटतात का?"

मग कुणी साफ केलं, हे विचारायचं मी टाळलं. कामाला लागलो. मनाली आत आईकडे गेली.

पंखा काढला. जुना प्रोसेसर काढून कागदावर ठेवला. लाईट नाही, वायर भिंतीपासून सुटलेली, मशीनचा मेंदू बाहेर.

आणि माझ्या उजव्या कानामागे...

हूऽऽ.

वळून बघितलं. भावोजींची खुर्ची होती. रिकामी.

म्हटलं, माझाच श्वास असेल. रुमाल बांधलाय, पन्नाशी आलीय, माणसाला आपलेच आवाज परके वाटतात. नवा प्रोसेसर बसवला, पेस्ट लावली, पंखा आवळला, कार्ड खोचलं.

पावणेचारला लाईट आली. मशीन चालू केलं. एकदाच टुक वाजलं, म्हणजे सगळं ठीक.

मनालीने फाइल उघडली. मिनिटभरात गणपती स्क्रीनवर उभा राहिला. पोरीला रडूच फुटलं. घरात रेंज नव्हती, म्हणून कारखान्यात फोन करायला ती अंगणात गेली.

मी एकटा उरलो. समोर तो गणपती. उजवा डोळा माझ्याकडे बघत होता. डाव्याच्या जागी नुसता गुळगुळीत गाल.

मग काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं...

पंख्यांचा आवाज.

कव्हर अजून उघडंच होतं. प्रोसेसरचा पंखा थांबला होता. नव्या कार्डाचाही. मशीन मात्र चालू.

पेन पाटीशेजारी पडलेलं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

आणि डाव्या बाजूला एक रेघ उमटायला लागली.

वरची पापणी. सावकाश. जिथे हात जड करायचा तिथे जाड, जिथे उचलायचा तिथे बारीक. रेघ संपली. दोन्ही पंखे एकदम फिरले...

हूऽऽ.

पुन्हा थांबले. खालची पापणी.

हूऽऽ.

पुन्हा थांबले. या वेळी बराच वेळ. बुबुळाच्या जागी एक बिंदू आला आणि हळूहळू वळायला लागला.

पंखा बंद राहिला तर प्रोसेसर तापून बंद पडतो, जळूही शकतो. म्हणून मी भिंतीवरचं बटण बंद केलं. सगळ्यांना मी हेच सांगितलंय.

खरं कारण ते नाही. मला भीती वाटली. माझ्या सख्ख्या भावोजींची, ज्यांच्या ताटात मी जेवलोय त्यांची, मला भीती वाटली.

मी बटणाकडे वाकलो तेव्हा ताई चहा घेऊन दारात आली होती. तिने स्क्रीन बघितला. रेघ वळताना बघितली. तीस वर्षांत तिने नियम कधी मोडला नव्हता. तिच्या तोंडून गेलं...

"अहो..."

स्क्रीन काळा.

कप खाली पडला. ताई उंबऱ्यावरच बसली.

"मी हाक मारली रं नितेश. मी हाक मारली नि त्ये उठले."

मनाली धावत आली. मशीन पुन्हा चालू केलं. पंखे नीट फिरत होते. फाइल उघडली. मी काही सेव्ह केलं नव्हतं, वायरीतून वीजच तोडली होती. तरी डावा डोळा तिथे होता. दोन्ही पापण्या पुऱ्या. बुबुळ अर्धं.

फाइलवर वेळ होती तीन अठ्ठावन्न. सेव्ह कुणी केलं, मला आजही माहीत नाही.

उरलेलं अर्धं बुबुळ मनालीने बुधवारी दार लावून पुरं केलं. गुरुवारी फाइल दिली. कारखानदार ती बघून म्हणाला, हात हैबतरावांचाच आहे. काम मनालीकडेच राहिलं. आता तिच्याकडे तीन कारखान्यांचे नमुने आहेत.

मधे तिचा फोन आला होता. "मामा, पंखे मधीच थांबतात रे. येऊन बघ ना." मी अजून गेलेलो नाही.

ताई मात्र बोलायची थांबलीय. चूल, भांडी, अंगण, सगळं करते. कुणी विचारलं तर एवढंच सांगते, माझ्या हाकेनं गेले. जेवण अर्धं टाकते. मी चार वेळा तिला भेटलो. चारही वेळा सांगायचं ठरवून गेलो आणि नुसता चहा पिऊन आलो.

ती दारात होती, मी बटणापाशी होतो. मला नीट आठवतं. आधी माझ्या बोटाखाली बटण वाजलं. स्क्रीन गेला. आणि मग, त्या काळ्या स्क्रीनसमोर, तिची हाक आली.

तिच्या हाकेने कुणी उठलं नाही. मी उठवलं.

ताई असलं काही वाचत नाही. पण मनाली इंटरनेटवरचं हे भुताखेतांच्या अनुभवांचं पान रोज वाचते, तिनेच मला दाखवलं होतं.

मनाली, आईला तू सांग. माझ्याच्याने होत नाही.