हजेरीला एक जास्त

पटलं तर ठीक, नाही पटलं तरी ठीक. ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यासोबत घडली तो माझा साडू, देविदास राठोड, अजून रोज कामावर जातो.

गेल्या डिसेंबरातला मंगळवार. हिंगोली. अमावस्या वगैरे काही नव्हती.

देविदास राखीव पोलिसात जवान आहे. कॅम्पचं नाव सांगत नाही, नोकरी आहे त्याची. घर डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर. सकाळी सहाला हजेरी, म्हणून पहाटे चारला मोटरसायकलला किक. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. असं सहा वर्षं अप-डाउन.

लांबून येणाऱ्याला उशीर झाला, की जवळ राहणारा गडी त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणतो. जवानांमध्ये याला पाप धरत नाहीत, शेजारधर्म धरतात.

नोव्हेंबरात गाडी चालवताना देविदासचा डोळा लागला. उघडला तेव्हा आखाडा बाळापूरच्या पुढं गाडी तुरीच्या रानात आडवी... आणि हा गाडीशेजारी बसलेला.

बायको मिना म्हणाली, “आठ दिसांनी तोंड दाखवा, पण जित्तं दाखवा. तिथंच खोली बघा.”

कॅम्पच्या भिंतीला लागून मिराबाईंची खोली मिळाली. चालत चार मिनिटं. आत एक नवी खाट, पायांना अजून पुठ्ठा बांधलेला.

“आधीच्या जवानाची हाय,” मिराबाई म्हणाल्या. “वापरा. त्यानं न्हाई वापरली.”

सहा वर्षांनी माणूस साडेपाचपर्यंत झोपणार होता.

झोपला नाही.

पावणेपाचला लांबून मोटरसायकल ऐकू आली... हळू... दमलेली. दारापाशी थांबली. स्टँड पडलं. खट्.

मग काहीच नाही.

त्यानं दार उघडलं. अंगण रिकामं. धुळीत चाकाची खूण नाही. फक्त तापलेल्या सायलेन्सरचा वास...

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं मिराबाईंना विचारलं.

“थावरा असंल, त्या खाटंचा मालक,” त्या ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या. “सामान टेम्पोत पुढं धाडलं, सोता गाडीवर मागून निघाला. रस्त्यात डोळा लागला, तो उघडलाच न्हाई. एक दिस निजला न्हाई बिचारा इथं.”

“मंग आधी सांगितलं काहून न्हाई?”

“सांगितलं असतं तर राहिला असता का?”

मुद्दा बराबर होता.

देविदास भ्याला. पण शंभर किलोमीटर आठवले, की भीती जरा कमी व्हायची. राहिला.

चौथ्या पहाटे गाडी आली. स्टँड पडलं. उंबऱ्यावर हेल्मेट ठेवल्याचा आवाज... आणि कुणीतरी भिंतीला टेकून सोडलेला श्वास.

तो श्वास देविदासच्या ओळखीचा होता. सहा वर्षं तो स्वतः तसाच सोडत आला होता.

अर्धवट झोपेत, निव्वळ सवयीनं, तो बोलून गेला, “निज रे थोडं. तुझी हजेरी मी लावतो.”

आणि मग भान आलं.

बूट हातात घेऊन तो बाहेर पडला. मागं अंधारात... खाट करकरली.

सहाला मैदानावर हवालदार संतरामनं गणती केली. पटावर ऐंशी. भरले एक्याऐंशी.

पुन्हा मोजले. एक्याऐंशी.

देविदासनं तर कुणाच्याच नावाला तोंड उघडलं नव्हतं.

“कमी भरले तर लिहिता येतं,” संतराम म्हणाला. “जास्तीचा रकानाच न्हाई.” त्यानं ऐंशी लिहून वही मिटली.

त्याच दिवशी देविदासनं खोली सोडली. पुन्हा तांडा, पुन्हा अप-डाउन. गणतीत रोज एक जास्त भरतो. संतराम रोज ऐंशी लिहितो.

मागच्या आठवड्यात कळमनुरीजवळ गाडी पंक्चर झाली. देविदास नऊला पोचला आणि सजा ऐकायला मान खाली घालून उभा राहिला.

“सजा कशाची?” संतराम म्हणाला. “आज पयल्यांदा बराबर ऐंशी भरले. तुझ्या नावाला तूच तर हजर म्हणालास.”

घरी त्यानं हे मिनाला सांगितलं.

“उद्या तुमी खरंच रस्त्यात पडलात,” ती म्हणाली, “तर तुमाला हुडकायला कोण निघंल?”

तेव्हापासून ती रोज पावणेसहाला फोन लावते.

“पोचलो,” पलीकडून उत्तर येतं.

आवाज दमलेला असतो. त्यावरून तो आपला नवराच, हे ती ओळखते म्हणे.

पण दमलेला तर थावराही आहे...