निवलेलं पाणी

तो पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आला, तो खडू मागायला. शेजारच्या वर्गाच्या भूगोलाच्या बाई रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी तो तात्पुरता आला होता. बाटल्यांकडे बघत म्हणाला, "यातलं काही चुकून सांडलं तर?"

"तर तुम्हालाच पुसावं लागेल, सर."

तो हसला. त्यानंतर त्याचे खडू फारच भराभर संपायला लागले.

गेल्या आठवड्यात मात्र त्याने सरळ लग्नाचंच विचारलं. मी म्हणाले, "थोडा वेळ द्या." माझं एक लग्न ठरून मोडलं होतं, होकार द्यायचीच धास्ती बसली होती. आणि आज त्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी तो दुसऱ्या शहरातल्या नोकरीवर निघणार होता.

आज सातवीला प्रयोग दाखवायचा होता – गरम पाणी आधी उकळतं की गार? पात्रं सारखी, पाणी सारख्याच मापाचं, स्पिरिटचे दिवे सारखे. मधल्या सुट्टीत मी एका पात्रात गरम पाणी ओतलं, दुसऱ्यात गार, तापमान फळ्यावर लिहिलं, आणि तेवढ्यात तो दारात उभा.

"ठरलं काही?"

"सर, इतकी घाई..."

"घाई नाही. नको असेल तर नको म्हणा. मी मनाला लावून घेणार नाही." जरा थांबून म्हणाला, "म्हणजे... घेईन. पण तुम्हाला कळू देणार नाही."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. घंटा होईपर्यंत आम्ही खिडकीपाशी नुसते उभे राहिलो. मग तो वर्गावर गेला.

मुलं आली. मी दोन्ही दिवे पेटवले. दोन्ही पात्रांतलं पाणी जवळजवळ एकदमच उकळलं.

"मॅडम, म्हणजे काहीच फरक पडत नाही?"

पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, पेटवण्याआधी थर्मामीटर परत लावला होता?"

नव्हता लावला. या एका गोष्टीवरून मी मुलांना रोज धारेवर धरते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "गरम पाणी नुसतं ठेवून दिलं मी... ते निवलं."

बोलता बोलता मला त्याचं "ठरलं काही?" आठवलं. मला फार भीती वाटली. लग्न मोडलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

दिवे विझवले, मुलांना जागेवर बसवलं आणि शेजारच्या वर्गाच्या दारात गेले.

"सर, जरा बाहेर येता?"

तो आला.

"संध्याकाळी निघू नका. आधी माझ्या घरी चला, बाबांना भेटायला. मला तुमच्याशी लग्न करायचंय."

दोन्ही वर्गांतून मुलं डोकावत होती. डोकावू देत.

तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्या बाबांना... मीही बाबाच म्हटलं तर चालेल?"