अठ्ठ्याहत्तरचा दर

दर फोडून आकडेवालीला काय मिळणार होतं? तक्रारताईंनी मनातल्या मनात बेरीज मांडली. सहा वर्षांची नोकरी जाणार, नव्या योजनेच्या नफ्यातला वाटा जाणार, वर फितूर म्हणून शिक्का. जमेच्या बाजूला शून्य. तरीही मालकांनी पाच वाजेपर्यंत तिचा राजीनामा मागितला होता.

इंटरनेटवरून घरबसल्या व्हिडिओ गेम खेळायला देणारी ही कंपनी. नवी योजना उद्या जाहीर व्हायची होती. महिन्याला ६९ रुपये, त्यात वीस तास. खेळ थांबवला की मीटर थांबणार, उरलेले तास पुढच्या महिन्यात. आज सकाळी समोरच्या कंपनीने हीच योजना जाहीर केली. तास तेच, मीटर तोच. दर मात्र ७८.

"चोरायचं आणि वर महाग विकायचं?" ताईंनी विचारलं.

"ते चोराला विचारा," मालक येरझारा घालत म्हणाले. "फाईल तिची, म्हणजे तोंडही तिचंच."

तक्रारताई म्हणजे ग्राहकांच्या शिव्या ऐकून घेणाऱ्या खात्याच्या प्रमुख. पाचपर्यंतचा वेळ त्यांनी मागून घेतला. मालक सोडून दर तिघांनाच माहीत होता. तिघांनाही त्यांनी फोन केला, "एकोणतीस नंबरच्या खोलीत या."

आकडेवाली लगेच आली. हातातलं पेन सारखं उघडत-मिटत होती.

"दर कधी कळला?"

"काल दुपारी. साहेबांनी फोनवर सांगितला, मी टाईप केला. ताई, मला विकायचाच असता तर खरा तरी विकला असता ना."

मग वकील आले, काखेत करार.

"तुम्ही दर कुठे पाहिलात?"

"करारात. अंकी आणि अक्षरी. दोनदा लिहिल्याशिवाय आमच्याकडे काही खरं नसतं."

मालकांचे जावईबापू पंधरा मिनिटं उशिरा आले, धापा टाकत.

"कुठे होतात?"

"वरच्या मजल्यावर. खोलीला कुलूप. जिना चढायला लावलात उगाच."

"दर कुठे कळला?"

"गाडीत. मी चालवत होतो, सासरे आकडेवालीला फोनवर सांगत होते. कागद मी बघितलासुद्धा नाही. संशय घ्यायचा तर कागदवाल्यांवर घ्या."

साडेचार झाले. आकडेवाली राजीनामा लिहायला बसली. ताईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं आणि जावईबापूंपुढे कोरा कागद सरकवला.

"लिहा, बापू. एकोणसत्तर."

बापूंनी लिहिलं, ७९.

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"समोरच्यांना आपल्यापेक्षा एकाने स्वस्त व्हायचं होतं," ताई म्हणाल्या. "७९ वजा एक, ७८. हिने ६९ टाईप केला, वकिलांनी ६९ वाचला. त्या दोघांकडून ७९ बाहेर जाणारच नव्हता. हा चुकीचा ऐकलेला दर आहे. आणि एकोणतीसला बोलावलं तर बापू एकोणचाळीसचं कुलूप बघून आले. शाळा परक्या भाषेतली. 'एकोण' म्हटलं की नऊ, 'सत्तर' म्हटलं की सत्तर; एक कमी करायचा असतो, हे कुणी शिकवलंच नाही."

"तिथे मला केबिन देणार होते," बापू कागदाकडे बघत म्हणाले. "इथे मी सासऱ्यांचा ड्रायव्हर."

मालक खाली बसले. "घरातलं घरात मिटवू या."

"मिटवा. फक्त राजीनामा कुणाचा घ्यायचा तेवढं सांगा. पाचला चार मिनिटं कमी आहेत."

मालकांनी जावयापुढे हात पसरला. बापूंनी गाडीची किल्ली त्या हातावर ठेवली.

जावईबापूंच्या दोन्हीकडच्या खुर्च्या गेल्या. मालकांनी लेकीचा अबोला पदरात घेतला. समोरच्यांनी गावभर ७८चे फलक लावले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याहून नऊने स्वस्त योजना बाजारात आली. आकडेवालीची नोकरी राहिली. मालकांनी तिचा नफ्यातला वाटा वाढवून देऊ केला, तेव्हा तिने तो लेखी मागितला.

"माझ्यावर विश्वास नाही का?" मालकांनी विचारलं.

"होता," ती म्हणाली. "सहा वर्षांचा."