पिल्लांच्या टोपल्या

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. त्या बर्फवाल्याबरोबर मी रोज चहा प्यायलोय. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवायचा. म्हणायचा, आमच्या घरी भांडणसुद्धा थंडच असतं.

त्याचा दादा होडीवर. आमच्या बंदरात बारीक जाळं पहिल्यांदा त्यानंच आणलं. विणीच्या हंगामातही जायचा. नखाएवढी पिल्लं ओढून आणायचा, ती कोंबड्यांच्या खाद्याला जायची. म्हातारे बोलले तर म्हणे, समुद्र काय विहीर आहे, उपसून संपायला? मग सगळ्यांनीच तसली जाळी घेतली. आणि उपसलाच की समुद्र! किनाऱ्यालगत काही मिळेना, म्हणून दादा लांब लांब जाऊ लागला. एकदा गेला तो आलाच नाही. होडीची फळीसुद्धा सापडली नाही.

वर्षभरानं कारखान्याचीही पाळी आली. मासेच नाहीत, तर बर्फ कोणाला? मालकानं बर्फवाल्याला सांगितलं, अमावास्येला रात्रपाळीत मशीन बंद कर, कायमचं. मध्यरात्र उलटल्यावर यानं खटका पाडला. इतक्या वर्षांची घरघर थांबली.

त्या शांततेत, शेजारच्या लिलावाच्या शेडमधून आवाज आला. टोपली ओढल्याचा.

शेड तर ओस पडलेली...

हा गेला. आत एक माणूस. पाठमोरा. ओणवा. समोर पिल्लांचा ढीग, गुडघाभर. वळवळणारा. माणूस ओंजळीनं टोपली भरायचा. धक्क्यावरून पाण्यात सोडायचा. परत यायचा. ढीग तेवढाच.

पाठ ओळखीची होती.

"दादा?"

"हात लाव," तो म्हणाला. वळला नाही. "संपत नाहीत रे."

यानं हात लावला. रडत होता, टोपल्या वाहत होता. ढीग काही उतरला नाही.

पूर्वेला फटफटू लागलं, तेव्हा दादा थांबला. तरीही पाठमोराच.

"तुझी वहिनी... झोपते का रात्रीची?"

यानं नुसती मान हलवली. नाही म्हणून.

उजाडलं. शेड कोरडी ठणठणीत. टोपली नाही. ढीग नाही. कोणी नाही.

हा तडक दादाच्या घरी गेला. पुतणीनं दार उघडलं. हळूच म्हणाली, "काका, आई अजून उठलीच नाही."

यानं उंबऱ्यातूनच पाहिलं. वहिनी गाढ झोपली होती. वर्षात पहिल्यांदा.

शेजारची उशी ओलीचिंब. मधोमध डोकं टेकल्यासारखा खळगा...

खळग्यात चिमूटभर वाळू.