पिकवलेला आवाज

फैजपुरात रिक्षाला भोंगा बांधून फिरणारा पितांबर म्हणजे मीच. मूळ भडगावचा. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कुणाची म्हैस हरवली, गावाला सगळं मीच सांगायचो. शाळेशी आपलं जमलं नाही, पण गळा असा की झाडावरची पाखरं उडायची.

मदनलालशेठनं केळी पिकवायचं चेंबर मोकळं करून तिथं रेडिओ केंद्र काढलं. मला म्हणाले, "नाना, जळगाव-धुळ्याची गाणी, नाटकं, बातम्या, बठ्ठं इथून निघंल. मुंबईवाल्यांचे पाय कशाला धरायचे?" भिंती जाड. दार लावलं की बाहेरचा ट्रकसुद्धा ऐकू येत नव्हता. केळ्याचा गोड, जड वास मात्र गेला नव्हता.

मला वाटलं, सकाळचा माईक आपलाच. शेठनी बसवला जगदीश. सातपुड्याच्या पायथ्याचा तरणाबांड गडी, कॉम्प्युटर येणारा. आवाज मात्र कच्चा, तुरट.

"तुम्ही त्याच्या शेजारी बसा फक्त," शेठ म्हणाले. "पिकलेलं एक केळं कच्च्यात ठेवतोच ना आपण? तसं."

"मंग मी काय केळं शे का?"

"चिडता काय नाना! चहा घ्या."

बसलो. दार लागलं. तो बोलायचा, मी तोंड दाबून ऐकायचो. बाहेर पाटीवर त्याचा फोटो. पोरीबाळी त्याच्याबरोबर सेल्फी काढायच्या, मला म्हणायच्या, बाबा जरा सरका.

मग जगदीश माझ्यासारखा खाकरायला लागला. म्हटलं, नक्कल करतो मेला. मग माझ्यासारखा हसायला लागला. एका सकाळी तो म्हणाला, "ऐका मंडळी," आणि मी आपल्या ओठांना हात लावून पाहिला. मिटलेले होते.

त्याच आठवड्यात तो माईकवर गिरणेच्या पुराचं सांगायला लागला. बापाचा हात कसा सुटला, पाण्यावर टोपी कशी फिरत राहिली. ते भडगावचं, माझ्या लहानपणचं. माझ्या बायकोशिवाय, सुनंदाशिवाय, कुणाला सांगितलेलं नाही.

बाहेर आल्यावर त्याची कॉलर धरली. "तुले हाई कोनी सांगं रे?"

"काय नाना? मी तर कापसाचे भाव सांगत होतो." आवाज त्याचा जुनाच, तुरट.

शेठकडे गेलो. अर्धं बोलणं झालं तर ते कानामागं हात धरून म्हणाले, "नाना, जरा मोठ्यानं. काहीच ऐकू येत नाही."

मी ओरडतच होतो.

बाजारातही तेच. भोंग्यातून नुसती खरखर. चहावाला हातवारे करून विचारायला लागला. आणि पानटपरीवरचा रेडिओ ठणठणीत, माझ्या गळ्यानं. लोक म्हणायचे, काय आवाज आहे पोराचा!

म्हटलं, उद्या जायचंच नाही. मी शेजारी नसलो की पडंल उघडा.

सकाळी घरीच थांबलो. मागच्या अंगणात तोंड धुतलं, दारात आलो. सुनंदा चुलीपुढं होती, ओट्यावर रेडिओ चालू.

"ऐका मंडळी."

माझाच. कालपेक्षा भरदार.

"बंद कर ते," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही.

रेडिओ म्हणाला, "सुनंदा, चहा झाया का?"

तिनं पदर सारखा केला. हसली. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलताना ती अशी लाजली नव्हती.

"आनस ना," ती म्हणाली, आणि कप रेडिओपुढं ठेवला.

"सुनंदा!" मी म्हणालो. गळ्यातून फक्त वारा निघाला.

तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. नीट, खालपासून वरपर्यंत. मग रेडिओकडं वाकून हळूच विचारलं,

"अहो, दारमा कोन उभं शे?"

रेडिओ खाकरला.

"कोनी नही."