नारिंगी, मग हिरवा

प्रयोगशाळेत ब्लीच आणलं त्या दिवसापासून विभागात माझं नाव ‘लाँड्रीवाली’ पडलं. पडू दे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना अल्कोहोलचं ऑक्सिडेशन शिकवायला आमच्याकडे वर्षानुवर्षं डायक्रोमेट वापरत. नारिंगी द्रावण ओतायचं, ते हिरवं झालं की काम फत्ते. उरलेलं क्रोमियमचं विष कुठे जातं, हे विचारायची पद्धत नव्हती. मी ते बंद केलं. कपड्यांचं ब्लीच, व्हिनेगरमध्ये असतं ते आम्ल, खाली बर्फ, आणि शेवटी उरतं ते मिठाचं पाणी. फक्त डोळ्यांत भरेल असा रंग येत नाही. विभागप्रमुखांचं सगळं दुखणं तिथेच होतं.

“पोरांना काही दिसायला नको?” ते म्हणाले. “बाईंनी उभी केलेली प्रयोगशाळा आहे ही. या सत्रात तुमचं उत्पादन कमी भरलं ना मॅडम, तर पुढच्या सत्रात डायक्रोमेट परत. मग रडायचं नाही.”

बाई म्हणजे माझी आत्या. तिचं नाव त्यांनी काढायला नको होतं. त्यांची ती शिक्षिका, माझी तर आईच्या जागी. खिडकीजवळच्या टेबलाशी उभी राहून तिने जन्मभर क्रोमियम शिकवलं. डायक्रोमेटच्या भुकटीने तिच्या नाकाचा पडदा आतून खाल्ला, भोक पडलं, आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायला लागली. लहानपणी शेजारच्या खोलीतून ती शिट्टी ऐकून मी सांगायचे, आत्या जागी आहे की झोपली. पुढे तिला वास येईनासा झाला, मग फुप्फुसं गेली, मग ती गेली. मला याचा राग येतो, आणि तो गिळायची माझी अजिबात तयारी नाही.

पहिल्याच बॅचला खिडकीजवळचा फ्लास्क नारिंगी झाला.

“मॅडम, हे असंच होतं का?” तिथल्या मुलीने विचारलं. आम्ही बघत असतानाच तो कडेकडेने हिरवा होत गेला.

भांडी नीट धुतली नसतील, असं मी म्हटलं. क्रोमियमची चाचणी केली. क्रोमियम नव्हतं. पुढच्या बॅचला सीलबंद खोक्यातला कोरा फ्लास्क दिला. नारिंगी, मग हिरवा. चाचणीत पुन्हा काही नाही. मग मी ते टेबलच बाहेर काढायला लावलं, फरशी घासून घेतली. रंग शेजारच्या टेबलावर आला. त्याच दुपारी शिट्टी ऐकू आली. बारीक, थांबून थांबून. धूर खेचणारा पंखा कुरकुरत असेल म्हणून मी तो बंद केला. शिट्टी चालूच राहिली.

“तुला येतोय का गं हा आवाज?” मी त्या मुलीला विचारलं.

“हो मॅडम,” ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सत्रातल्या शेवटच्या बॅचला प्रमुख स्वतः येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मुलांनी बर्फात फ्लास्क ठेवले, ब्लीच थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. खोलीत फक्त थेंब आणि ती शिट्टी.

एक फ्लास्क नारिंगी झाला. मग दुसरा. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे.

मुलांचे हात थबकले. प्रमुखांचा चेहरा मात्र उजळला. “बघा,” ते हळूच म्हणाले. “या जागेलाच तेच हवंय.”

माझं टाळकं सरकलं.

“आत्या,” मी मोठ्याने म्हणाले. सगळ्यांदेखत. लाज कसली? “तुला ते परत हवं असेल, तर मिळणार नाही. मला सावध करत असशील, तर मी सावधच आहे. काहीही असलं तरी इथे ब्लीचच राहणार.”

कुणी हसलं नाही.

“हात का थांबले? सोडा थेंब.”

फ्लास्क हिरवे झाले. मुलांनी तरीही स्टार्च-आयोडाइडची कागदपट्टी बुडवली, ती निळीकाळी झाली, म्हणजे ब्लीच पुरेसं पडलं होतं. जास्तीचं ब्लीच निकामी केलं, मिश्रण उकळून वाफ थंड केली. नळीतून उतरलेलं उत्पादन पाण्यासारखं स्वच्छ होतं, आणि डायक्रोमेटने कधी दिलं नव्हतं इतकं भरलं. प्रमुखांनी तराजूवर वाकून पुन्हा पुन्हा बघितलं.

“चालू ठेवा तुमची लाँड्री,” म्हणाले आणि निघून गेले.

मुलं गेली. ऊन टेबलांवर आलं होतं. मी जिंकले होते, तरी शिट्टी थांबेना. येते तरी कुठून, ते नीट ऐकावं म्हणून मी श्वास रोखला.

शिट्टी थांबली.

श्वास घेतला. वाजली.

पुढच्या सत्रासाठी ब्लीचचा नवा कॅन आला होता. मी त्याचं झाकण उघडलं आणि बाटल्या भरायला घेतल्या. वास आला नाही. शिट्टी वाजत राहिली, आणि लहानपणापासूनची ओळख असल्यामुळे मला लगेच कळलं: आत्या जागी होती.